आता तुम्ही उघडून बघा

गल्लीत कुजबुज अशी होती की चावीवाल्याच्या बायकोने आधी नवऱ्याला घरात कोंडलं, आणि कंटाळा आल्यावर आश्रमात नेऊन टाकलं. वर आता काठी टेकत फिरते ती सहानुभूतीसाठी. काठी हिरव्या मुठीची, नटवी होती, त्यामुळे बोलणाऱ्यांना आणखी जोर.

कोंडल्याचं खरं होतं. पण चावीवाल्या मास्टरला कोंडायचं म्हणजे माशाला पाण्याची भीती घालण्यातला प्रकार! चाळीस वर्षं कोपऱ्यावरच्या टपरीत त्यांनी चाव्या घासल्या होत्या. कुलूप दुरुस्त झालं की ते पुन्हा बंद करायचे, गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, "आता तुम्ही उघडून बघा." गिऱ्हाइकाने स्वतः उघडल्याशिवाय काम झालं असं ते मानत नसत.

मग आठवणी गळायला लागल्या. आधी लेकीचं नाव, मग जेवण झालं की नाही ते, शेवटी बायको. हात मात्र काही विसरले नाहीत. टपरी बंद होऊन तीन वर्षं झाली तरी सकाळी आठला मास्टर चपला घालून तयार. एकदा बस डेपोत सापडले, एकदा भर चौकात, गाड्यांच्या मधोमध.

मास्टरीणबाईंनी दाराला कुलूप लावलं. मास्टरनी त्यांच्याच अंबाड्यातला आकडा काढून ते उघडलं. आकड्यांचं कुलूप आणलं, त्याला कान लावून उघडलं. मोठं पितळी आणलं, तेव्हा तर स्वारी खुलली.

"वा! माल चांगला आहे. कुणाचं हो, बाई?"

"तुमच्याच घराचं!"

"मग मालकांना सांगा, उघडलंय म्हणून."

लेक फोनवर डोकं फोडायची. "आई, ती जागा मी बघून आले. दारावर कुलूप नाही, माणूस बसतो. चोवीस तास."

"मी काय खांब आहे?"

"तू बहात्तर वर्षांची आहेस."

"मी धडधाकट असेपर्यंत ते इथेच राहणार. विषय संपला."

संपला कसला! तीनच आठवड्यांनी, सकाळी नऊच्या सुमारास, मास्टरीणबाई बाथरूममध्ये पाय घसरून पडल्या. लग्नापासूनची सवय, दाराला आतून लॅच. उठता येईना, लॅचपर्यंत हात पोहोचेना.

"अहो! दार उघडा! पडलेय मी!"

बाहेर पावलं आली. "कुलूप अडकलंय का, बाई? घाबरू नका." आवाज अगदी टपरीवरचा, हुशार. खुडखुड झाली आणि अर्ध्या मिनिटात दार उघडलं. मास्टरीणबाईंचा जीव भांड्यात पडला.

मास्टरनी लॅच बघितलं. खाली बघितलंच नाही. "स्प्रिंग कोरडी पडलीय. तेल घालत जा." मग नेहमीच्या सवयीने दार ओढून घट्ट लावलं, आणि बाहेरून म्हणाले, "आता तुम्ही उघडून बघा."

वरच्या मजल्यावरच्या काकूंना गल्लीत आकाशवाणी म्हणत, कारण बातमी नेहमी वरून यायची. आई फोन उचलत नाही म्हणून लेकीने दुपारी त्यांनाच खाली पाठवलं. जे दिसलं ते सांगायला आकाशवाणीला संध्याकाळपर्यंतही दम निघाला नसता. पण स्ट्रेचरवरून मास्टरीणबाईंनी त्यांचा हात धरला.

"यांनी दार लावलं हे कुणाला कळता कामा नये. लोक यांना नावं ठेवतील."

"अगं, मग तुला ठेवतील!"

"मला ऐकू येतं, मी उत्तर देईन. ते काय देणार?"

आकाशवाणी जन्मात एकदाच बंद पडली, ती ही. मोकळ्या जागेत गल्लीने आपली बातमी भरली. मास्टरीणबाईंनी उत्तर काही दिलं नाही.

हॉस्पिटलच्या खाटेवरून त्यांनी आश्रमाच्या फॉर्मवर सही केली. सही करताना लेकीला एवढंच विचारलं, "तिथे माणूस बसतो ना नक्की? झोपत नाही ना?"

त्या जागी दारावरच्या माणसाने मास्टरना जुन्या कुलपांचं खोकं दिलंय. दर गुरुवारी मास्टरीणबाई हिरवी काठी टेकत जातात, समोर बसतात. मास्टर मान वर न करता एक कुलूप दुरुस्त करतात, बंद करतात, पुढे सरकवतात. "आता तुम्ही उघडून बघा."

त्या उघडतात. "झालं हो मास्टर, छान झालं." मग ते हसतात.

खरं एवढंच: त्या दिवशी मास्टरीणबाईंचा खुबा मोडला होता. बंद दाराआड त्या चार तास फरशीवर पडून होत्या, आणि मास्टर बाहेर खुर्ची टाकून, गिऱ्हाईक दार उघडतंय का ते बघत बसले होते.