टेस्टर सरांची बावीस ठिकाणं

आमचे सर लोखंडी खुर्चीवर बसण्याआधी तिला टेस्टर लावून बघायचे. पाण्याच्या नळाला लावायचे, कपाटाच्या दाराला लावायचे. एकदा तर प्राचार्यांच्या नव्या टेबलाला त्यांच्यासमोरच लावला. मुलं त्यांना मागून ‘टेस्टर सर’ म्हणायची आणि सरांनाही ते ठाऊक होतं. बायकोला हात लावायच्या आधीही टेस्टर लावत असतील, असं एक जण हळूच म्हणाला तेव्हा मीही तोंडावर पदर धरून हसले होते. पुढे जे घडलं, त्यानंतर मला ते हसू आठवलं की लाज वाटायची.

तंत्रशाळेतल्या त्या वर्गात आम्ही अकरा जण होतो. बाई मी एकटीच, आणि वयानंही थोरली. मी शर्ट शिवायच्या कारखान्यात कॉलर लावायचे. सकाळची पाळी संपली की दुपारी वायरिंग शिकायला यायचे. घरात ट्यूब गेली की आमचे हे ‘बघतो’ म्हणायचे आणि पुढचे आठ दिवस नुसते बघतच राहायचे. शेवटी म्हटलं, आपणच शिकून घेऊ.

ट्यूबलाइटचा धडा सरांनी एका शनिवारी घेतला. लाकडी फळीवर त्यांनी सगळं उघडं मांडलं होतं: ट्यूब बसवायची पत्र्याची पट्टी, चोक, स्टार्टर, ट्यूब. सर फार छान शिकवायचे. ट्यूबच्या आत तार नसते, नुसता वायू आणि जरासा पारा असतो. तो सहजासहजी पेटत नाही, त्याला आधी ऊब लागते, असं ते सांगत होते. स्टार्टरच्या आतली छोटी पट्टी तापून वाकते आणि वाट जोडते, तेव्हा ट्यूबच्या दोन्ही टोकांच्या तारा लाल होतात. पट्टी गार होऊन सुटली की चोक जोराचा झटका देतो आणि ट्यूब लागते. एकदा लागली की तोच चोक विजेला आवरून धरतो, नाहीतर ट्यूब क्षणात फुकट जाईल. आतल्या पाऱ्यापासून निघणारा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही. काचेला आतून लावलेली पांढरी भुकटी त्याचा उजेड करते.

मग त्यांनी फळ्यावर तारा काढल्या. लाल तार आधी बटणात, बटणातून चोकला, तिथून ट्यूबच्या एका टोकाला. काळी तार दुसऱ्या टोकाहून सरळ परत. इथं त्यांचा आवाज बदलला.

“ही लाल तार बटणातूनच गेली पाहिजे,” ते म्हणाले. “काळी तार बटणात घातली तरी ट्यूब लागते. तितकीच लख्ख लागते. बंद केली की बंदही होते. पण वीज वर पट्टीपर्यंत येऊन बसलेली असते. दिवा विझलाय म्हणून माणूस निर्धास्त हात घालतो.”

मी सहज हात वर केला. आमच्या कारखान्यात बटण बंद केल्यावरही ट्यूबच्या पोटात अंधुक उजेड राहतो, आणि पुसताना कधी कधी हाताला मुंग्या येतात, हे त्यातलंच का, असं विचारलं.

सरांनी कारखाना कुठला ते विचारलं. मी सांगितलं, छापखान्यामागची गल्ली, दुसरा मजला. सरांनी खडू खाली ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरलेला मी पहिल्या बाकावरून पाहिला. ट्यूब कोण पुसतं, असं त्यांनी अगदी हळू विचारलं. दर शनिवारी दुपारी पाळीपाळीनं बायका पुसतात, मी म्हणाले, लाकडी घोडीवर चढून. आणि बोलता बोलता मला आठवलं. घोडीचा पाय मंगळवारी मोडला होता. त्या दिवशी सगळ्या जणी कापड कापायच्या लोखंडी टेबलावर चढणार होत्या. आणि पाळी माझ्या धाकट्या जावेची होती.

तेव्हा मोबाइल सगळ्यांकडे नव्हते. शाळेच्या कचेरीतून मालकाच्या खोलीत फोन लावला. तो वाजत राहिला. सरांनी तो दुसऱ्यांदा लावला नाही. वर्ग तसाच सोडून ते जिना उतरले आणि मी त्यांच्या मागे निघाले.

एरवी पंधरा मिनिटांची वाट. सर पन्नाशीचे, अंगानं जड, आणि ते धावत होते. मी साडीचा ओचा हातात धरून मागे. माझ्या डोक्यात नको ते यायला लागलं. जावेचा लहाना तेव्हा तिसरीत होता. सकाळी डब्यावरून आमची चांगली जुंपली होती आणि निघताना मी तिच्याशी बोलले नव्हते. प्रत्येक वळणावर वाटायचं, पुढे गर्दी जमलेली दिसेल. गर्दी नव्हती. दुकानं उघडी होती, एक माणूस सायकलची साखळी बसवत होता, आणि ते सगळं इतकं नेहमीसारखं होतं की मला जास्तच भीती वाटली.

जिन्यात सरांचा दम लागला. दुसऱ्या मजल्यावर दार उघडंच होतं. यंत्रं बंद, दिवे बंद, खिडकीतून येईल तेवढा उजेड. जाऊ टेबलावर उभी होती. अनवाणी. डावा हात लोखंडी खांबाला, उजव्या हातात पिळलेलं ओलं फडकं, आणि तो हात पट्टीकडे वर चालला होता. दोन पट्ट्या पुसून झाल्या होत्या, ही तिसरी.

मी सरांकडे पाहिलं. त्यांचं तोंड उघडलेलं होतं आणि त्यातून आवाज येत नव्हता. हात अर्धवट पुढे, पाय उंबऱ्यात रुतल्यासारखे. इतकी वर्षं दुसऱ्यांना सावध करणारा माणूस नेमका त्या क्षणी थिजला होता.

मला त्यांचंच सांगणं आठवलं. वर चढलेल्या माणसावर ओरडायचं नाही. तो दचकतो आणि हाताला येईल ते धरतो. मी रोजच्यासारख्या कुरबुरीच्या सुरात म्हणाले, “अगं, माझी कात्री तू घेतलीस ना? खाली उतर आणि दे आधी.”

आमच्या धंद्यात दुसरीच्या कात्रीला कोणी हात लावत नाही. त्या आळाला ती चिडणारच. तिचा हात पट्टीपासून वीतभर लांब थांबला. “मी कशाला घेऊ तुमची कात्री?” म्हणत ती फणकाऱ्यानं वळली, फडकं कमरेला खोचलं आणि टेबलावरून उतरली. तिचे दोन्ही पाय लाकडी फळ्यांच्या जमिनीवर टेकल्यावर मी तिला घट्ट धरलं. ती म्हणाली, वहिनी, एका कात्रीसाठी रडताय काय.

सर भानावर आले. ते कोरड्या लाकडी स्टुलावर चढले, एक हात पाठीशी धरला आणि बटण बंद असतानाच टेस्टर तिसऱ्या पट्टीच्या पत्र्याला लावला. टेस्टरचा दिवा पेटला. आधीच्या दोन पट्ट्यांना पेटला नव्हता. तिसरीतला चोक आतून जळून त्याची तार पत्र्याला टेकली होती, आणि पत्र्याची वीज जमिनीत नेणारी तार कोणी जोडलेलीच नव्हती. जावेनं ते पाहिलं आणि कमरेचं फडकं काढून लांब टाकलं.

मालक आल्यावर मुख्य बटण पाडलं. सरांनी भिंतीवरची पेटी उघडली. आत काळी तार बटणात होती, लाल सरळ वर गेलेली. सांध्यांवर कापडी पट्टी गुंडाळून शेवटी तिला एक बारीक गाठ मारलेली होती. सरांनी त्या गाठीवर बोट ठेवलं. मालक तावातावानं विचारत होता, कोण गाढवानं केलंय हे.

“मी केलंय,” सर म्हणाले. “सत्तावीस वर्षांपूर्वी.”

जिन्याच्या पायरीवर बसून त्यांनी मला सगळं सांगितलं. तरुणपणी तीन वर्षं ते एका ठेकेदाराकडे होते. शिक्षण काही नव्हतं. ठेकेदार म्हणायचा, ट्यूब लागली की काम झालं. लाल-काळ्याचा हिशेब सर कधी ठेवायचे, कधी नाही. मग परवान्यासाठी ते शिकायला गेले आणि तिथल्या शिक्षकांनी फळ्यावर तीच आकृती काढली, जी ते आज आम्हाला शिकवत होते. बाकावर बसल्या बसल्या त्यांना कळलं, आपण काय करून ठेवलंय. ठेकेदाराकडे गेले, तर त्यानं सांगितलं, तोंड मिटून बस, नाहीतर दोघंही आत जाऊ. सर तोंड मिटून बसले. मास्तर झाले. पण रोज सकाळी वर्तमानपत्रात आधी शॉक लागून गेलेल्यांची बातमी शोधायची, त्यातला पत्ता वाचायचा आणि मगच चहा घ्यायचा, अशी त्यांची वर्षं गेली. घरी बायकोला वाटायचं, यांना वाचनाची आवड आहे.

“तिथं जाऊन तपासलं का नाही?” मी विचारलं.

“दार उघडणारं माणूस काय सांगेल, याची भीती वाटायची,” ते म्हणाले.

सोमवारी त्यांनी प्राचार्यांना स्वतःहून सांगितलं. नोकरी जाईल असंच धरून चालले होते. प्राचार्यांनी त्यांना दोन दिवस घरी बसवलं, मग बोलावून म्हणाले की ठिकाणांची यादी करा आणि एकेक दुरुस्त करून या. सुट्टी हवी तेवढी घ्या. यादीत बावीस ठिकाणं निघाली. मदतीला मी जाते, असं मी म्हणाले. खरं सांगायचं तर त्यांना एकट्यानं पाठवायला मला धीर होत नव्हता.

चार महिने आम्ही हिंडलो. प्रत्येक दाराशी सर रुमालानं तळहात पुसायचे आणि घंटी मी दाबायचे. पाच इमारती पाडून झाल्या होत्या. सात ठिकाणी तारा नीटच निघाल्या. नऊ ठिकाणी उलट्या होत्या. त्यातलं एक पाळणाघर होतं. तिथं सरांना पेचकस खाचेत बसवता येईना, तो मला घ्यावा लागला. सांभाळणारी बाई कौतुकानं सांगत होती, आमची मुलं बटणांशी खेळतात, पण आम्ही दिवे बंदच ठेवतो, काळजी नको.

बाविसावं ठिकाण म्हणजे तळमजल्यावरचं दोन खोल्यांचं घर. दार एका वयस्कर बाईंनी उघडलं. आम्ही जुनं वायरिंग तपासायला आलोय म्हटल्यावर त्यांनी आत घेतलं, पाणी दिलं. बटणांची पेटी नवी कोरी दिसत होती. सरांनी विचारलं, हे कधी बदललं?

“हे गेले त्यानंतर,” बाई म्हणाल्या. सोळा वर्षं झाली होती. स्वयंपाकघरातली ट्यूब मिचमिचत होती म्हणून यजमान दिवा बंद करून स्टार्टर बदलायला चढले आणि वरूनच कोसळले. डॉक्टरांनी हृदय म्हणून लिहिलं. विड्या ओढून यजमानांना आधीपासून धाप लागायची. पुढे मुलानं सगळ्या तारा काढून नव्या घातल्या. जुन्या भंगारात गेल्या.

सरांनी तरीही टेस्टर लावला. तारा बरोबर होत्या. बरोबर असणारच होत्या. ते खाली उतरले आणि माझ्याकडे न बघता बाईंच्या समोर उभे राहिले. मला वाटलं, आता गप्प निघून जावं. कोणाला कळणार नव्हतं. मी त्यांची बाही धरलीसुद्धा.

सरांनी सांगितलं. जुनं काम माझं होतं, ते उलटं असू शकतं, म्हणाले.

बाईंनी खुर्चीचा हात धरला. “असू शकतं म्हणजे? हो की नाही?”

“ते आता कळायला काही मार्ग नाही.”

स्वयंपाकघरातली ट्यूब वर जळत होती, तिचा बारीक गुणगुणाट तेवढा ऐकू येत होता. शेवटी बाई म्हणाल्या, “मी सोळा वर्षं त्यांच्या विड्यांना शिव्या दिल्या. आता काय करू मी?” त्यांनी आम्हाला जायला सांगितलं. रागानं नाही, थकून. दार लागल्यावर सर तिथंच भिंतीला टेकून उभे राहिले आणि मी शेजारच्या दुकानातून त्यांच्यासाठी पाणी आणलं.

बाईंच्या मुलाकडून काही येईल, पोलीस येतील, म्हणून आम्ही कित्येक आठवडे धास्तावून होतो. कोणीच आलं नाही. त्या न येण्याचीही सरांना भीती वाटायची.

त्यानंतर सर नऊ वर्षं शिकवत होते. दर वर्षी पहिल्याच तासाला ते नव्या मुलांना ही गोष्ट स्वतः सांगायचे, पाळणाघरासकट, त्या घरासकट. मी परवाना काढला आणि कारखान्यातली यंत्रं, दिवे माझ्याकडे आले. जाऊ अजून कॉलर लावते आणि ट्यूबला हात लावत नाही. बटण दाबायचं तरी मला हाक मारते.

सर निवृत्त झाल्यावर मी भेटायला गेले होते. आता तरी वर्तमानपत्र सुखानं वाचता का, असं विचारलं. म्हणाले, वाचतो, पण शेवटून. मग म्हणाले, आधी बावीस दारांची भीती होती, आता एकाच दाराची आहे. पण ती पहिल्या बाविसांपेक्षा कमी आहे असं काही वाटत नाही. सरांच्या बायकोनं, काकूंनी, चहा आणला. त्यांना आता सगळं ठाऊक आहे. त्यांनी सरांच्या हातात कप दिला आणि तो नीट धरेपर्यंत बशीखालचा आपला हात काढला नाही.