अर्थिंग लूज

माझ्या मुलीच्या पहिल्या अल्बममधला सगळा आवाज मी स्वतःच्या हातांनी काढून टाकला, आणि तेही एक पैसा न घेता.

आधी माझी योग्यता सांगतो. नाशकात मेनरोडच्या मागच्या गल्लीत माझं टेप, रेडिओ आणि अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्तीचं दुकान आहे. खरखर, घरघर, शिट्टी, काहीही असो, ती काढावी मीच! पार मनमाडपर्यंतच्या लग्नांतले लाउडस्पीकर मी ताळ्यावर आणलेले आहेत (नवरदेवाचे मामा माइकवर गायला उभे राहिले, तर मात्र माझा इलाज चालत नाही).

अशा माणसाच्या घरात केतकी जन्माला आली. तिने दोन मैत्रिणींना घेऊन बँड काढला. गाण्यांना शब्द नाहीत, चाल नाही, नुसती गिटारची घरघर. याला एक्सपेरिमेंटल रॉक म्हणतात, असं तिने मला समजावलं. मी विचारलं, प्रयोग नेमका कशावर असतो? स्वयंपाकघरातून तिची आई म्हणाली, "ऐकणाऱ्यावर."

पण पुण्यातल्या एका मुलाला ते आवडलं. तो स्वतःच्या बेडरूममधून एक म्युझिक लेबल चालवतो. कोणाला माहीत नसलेले बँड शोधून त्यांच्या मोजक्या कॅसेट काढतो, आणि त्यातला एखादा लोकांना माहीत झाला की त्याला वाईट वाटतं म्हणे. त्याने केतकीला सांगितलं, ही कॅसेट लोकांना आवडली तर दुसरीही काढू. तेवढ्या शब्दावर केतकीने हाती आलेली नोकरी नाकारली होती. आईने तिच्याशी अबोला धरला होता.

आता हल्ली कॅसेट भरून देणार कोण? उभ्या नाशकात चालू स्थितीतले डेक फक्त माझ्याकडे! केतकीने पेनड्राइव्ह माझ्या हातात ठेवला आणि कव्हरं छापून आणायला ती पुण्याला गेली. माझी छाती अशी फुगली की शर्टाच्या वरच्या बटणाने राजीनामा दिला.

पेनड्राइव्हला एक चिठ्ठी चिकटवलेली होती. तिच्यावर लिहिलं होतं: अर्थिंग लूज. डावा स्पीकर मुका. मोटर घरघरते. आवाज फाटतो.

तुम्हीच सांगा, दुरुस्तीच्या दुकानात अशी चिठ्ठी चिकटवलेली वस्तू आली, तर चिठ्ठीचा अर्थ काय? गिऱ्हाइकाची तक्रार! मी ऐकून पाहिलं, तर एकूण एक तक्रार खरी. पोरीने नुसत्या कानाने बिघाड ओळखले होते. डोळे भरून आले हो माझे. बापाचा कान घेतला पोरीने!

मग काय, कंबर कसली. घरघर काढली, फाटका आवाज शिवला, शिट्टी तर मुळापासून उपटली. शेवटी जे उरलं ते इतकं स्वच्छ होतं की काय सांगू. मधूनच एक टुंग, आणि एकदा कोणाचा तरी खोकला (तो सुस्पष्ट होता, म्हणून राहू दिला). सगळ्या कॅसेट त्यावरूनच भरल्या.

कॅसेटचं प्रकाशन गंगापूर रोडवरच्या एका कॅफेच्या गच्चीवर ठेवलं होतं. मी माझा डेक आणि अ‍ॅम्प्लिफायर घेऊन गेलो, केतकीची आईही अबोल्यासकट आली, आणि भाचीचं कौतुक बघायला सटाण्याहून मेव्हण्यालाही बोलावलं. तो कांद्याचा व्यापारी, पुढच्याच खुर्चीत बसला. मागे काळ्या टीशर्टातली तरुण मंडळी. कॅसेट लावली. शांतता. मंडळींनी डोळे मिटून माना हलवल्या.

मेव्हणा माझ्या कानाशी आला. "दाजी, हाई तर कोरी कॅसेट शे."

कोरी नाही, स्वच्छ आहे, असं मी त्याला अभिमानाने सांगितलं. तेवढ्यात खोकला वाजला आणि कोणीतरी टाळी वाजवली. पण नंतर एकेक डोळा उघडायला लागला, एकेक मोबाइल बाहेर आला. पुण्याचा मुलगा केतकीकडे बघायला लागला आणि केतकी माझ्याकडे.

"बाबा, गाणी कुठे गेली?"

"तक्रारी काढल्या," मी म्हणालो. "चिठ्ठीवर होत्या तेवढ्या सगळ्या."

"ती गाण्यांची नावं होती."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. पण तिने फक्त खालचा ओठ दातांत धरला, आणि मला गच्चीवरून सरळ जमिनीत जावंसं वाटलं. पेनड्राइव्ह दुकानात, दुकानाला कुलूप, मंडळी उठायच्या बेतात. कोपऱ्यात तिची गिटार उभी होती. माझ्या खिशात पेचकस असतोच. मी गिटारच्या वायरची पिन उघडली आणि जन्मात केलं नव्हतं ते केलं: अर्थची धडधाकट तार, जी ढिली झाली की घरघर सुरू होते, ती मुद्दाम ढिली केली! मग पिन अ‍ॅम्प्लिफायरमध्ये घातली.

हूंऽऽऽ! गच्ची दणाणली. गल्लीतली कुत्री उठली. केतकीने मान वर केली.

"अजून थोडी ढिली करा," ती म्हणाली.

मी केली. वर डाव्या स्पीकरची वायरही ओढून काढली. ती वाजवायला लागली. त्या घरघरीला ती वर चढवत होती, खाली उतरवत होती, मध्येच नुसत्या तळहाताने गप्प करत होती. जिचा मी आयुष्यभर नायनाट केला, ती माझ्या पोरीचं ऐकत होती! मला ते आवडलं. फार आवडलं. मंडळी तर खुर्च्यांवर उभी राहिली होती.

"आते बरोबर बिघडनं, दाजी," मेव्हणा समाधानाने म्हणाला.

आणि केतकीच्या आईने अबोला सोडून पुण्याच्या मुलाला विचारलं, "दुसरी कॅसेट कधी काढणार?" तो म्हणाला, लगेच.

सगळ्या कॅसेट मी पुन्हा भरल्या, कशालाही हात न लावता. नव्याने छापलेल्या कव्हरवर खाली बारीक अक्षरात लिहिलं आहे, 'बिघाड : केतकीचे बाबा'. ते मी फ्रेम करून दुकानात 'खात्रीशीर दुरुस्ती' या पाटीखाली लावलं आहे. आता पुण्या-मुंबईची दाढीवाली मुलं चांगले चालू अ‍ॅम्प्लिफायर घेऊन येतात आणि म्हणतात, काका, तसाच बिघडवून द्या. मी देतो, आणि वर गॅरंटीही देतो: चुकून नीट झालाच, तर परत आणा, फुकटात बिघडवून मिळेल.