गुरुजींचे सहा आकडे

नोकरीतले खून-दरोडे आता एकमेकांत मिसळू लागलेत, पण एका शाळेच्या बंद डिस्कची चौकशी मला आजही जशीच्या तशी आठवते.

इंदापूर तालुक्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. सकाळची हजेरी घेऊन टेबलाशी बसतो न बसतो तोच सणसरकडच्या एका हायस्कूलचे मुख्याध्यापक तक्रारी अर्ज घेऊन आले. दहावीच्या मुलांचे अंतर्गत गुण ज्या डिस्कवर होते, ती उघडत नव्हती. गुण बोर्डाकडे पाठवायला दोनच दिवस उरले होते. बाईंना, म्हणजे शाळेच्या क्लार्कना, कायम करायचं संस्थेनं लांबवलं होतं. त्या रागातून त्यांनी पासवर्ड बदलला, असं मुख्याध्यापकांचं म्हणणं.

पासवर्ड कुणाकडे असतो, हे ऐकून मी चाट पडलो. पूर्वी एकदा गुणांत फेरफार झाला होता, तेव्हापासून त्याचे तीन भाग केले होते. एक मुख्याध्यापकांचा, एक पर्यवेक्षक गुरुजींचा, एक बाईंचा. प्रत्येकानं आपला टाकायचा, बाकीच्यांनी तोंड फिरवायचं, कागदावर कुणी लिहायचं नाही. आमच्याकडे सोसायटीच्या निवडणुकीत मतपेटीला दोन्ही गट सील लावतात, त्यातलाच प्रकार.

सायबर शाखेला फोन लावला. "साहेब, डेटा एन्क्रिप्टेड आहे. पासवर्डशिवाय आम्हीही काही करू शकत नाही. आणि दहा वेळा चुकला की डिस्क कोरी होणार." इकडे सात वेळा चुकून झालं होतं.

महिला अंमलदाराला शेजारी बसवून बाईंचा जबाब घेतला. चाळिशीच्या बाई, त्याच शाळेत शिकलेल्या. "म्या कायबी बदललं न्हाय, साहेब," एवढंच म्हणत होत्या. संशय कुणावर, विचारलं की मान खाली. गळ्याशी आलं की माणूस दुसऱ्याचं नाव घ्यायला वेळ लावत नाही. या बाई कुणाला तरी झाकत होत्या.

सुगावा दिला शाळेच्या शिपायानं, चहाच्या टपरीवर. "गुरुजी आजारातनं उठल्यापास्नं पोरांची नावं इसरत्यात, साहेब. पर त्यांस्नी बोलायचं कुणी?"

दुसऱ्या दिवशी तिघांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून कोरा कागद दिला. आपला भाग लिहायचा आणि पाकीट बंद करायचं. दोन पाकिटं मिनिटभरात आली. गुरुजी अर्धा तास नुसतं पेन धरून बसले होते. मी आत जाऊन दार लोटलं.

"गुरुजी, माझ्या एटीएमचा पिन बायकोला पाठ आहे, मला नाही."

ते हसले नाहीत. "सहा आकडे हायेत, एवढंच आठवतंय. आज आठवंल, उद्या आठवंल म्हणून गप बसलो. आन् बालंट त्या पोरीवर आलं."

मला संताप आला होता, खोटं कशाला सांगू? पण त्यांच्यापुढचा कोरा कागद मी घडी करून खिशात ठेवला. बाई झाकत होत्या ते यांनाच, हे कळून मी त्यांना बोलावलं.

"तुमचे आकडे मला ठावं हायेत, गुरुजी," त्या म्हणाल्या. "तुमी टाकताना पाढ्यावानी पुटपुटता. तोंड फिरवलं तरी कानावर पडतंच की."

"मग बोलला का नाहीत?" मी विचारलं.

"दुसऱ्याचा भाग हिला ठावं कसा, म्हणले असते. शिवाय चार माणसांत गुरुजींची शोभा. आज सांजपतुर वाट बघणार हुते. पोरांचं नुकसान न्हाय होऊ दिलं असतं."

मुख्याध्यापकांना बोलावून घेतलं. त्यांच्यासमोर गुरुजी स्वतःच म्हणाले, "विसरलो मी. हिचा काही दोष नाही." मुख्याध्यापकांचा चेहरा पडला. त्यांनी आणि बाईंनी आपापला भाग टाकला. मग बाईंनी गुरुजींना खुर्ची दिली आणि पहिले दोन आकडे तालात म्हटले. पुढचे चार गुरुजींच्या तोंडून आपोआप आले आणि सहाही त्यांनी स्वतःच टाकले. डिस्क उघडली.

अर्ज त्याच दिवशी मागे घेतला गेला. अहवालात मी लिहिलं, "तिघांनी आपापला भाग स्वतः टाकला, डेटा सुस्थितीत मिळाला." त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. तोवर कोण लपवतंय हे कळलं की माझी चौकशी संपायची. कशापायी लपवतंय, हेही विचारायला मी त्या शाळेत शिकलो.

गुरुजी फाटकापर्यंत सोडायला आले. जीपचं दार धरून म्हणाले, "पाढे आले न्हाईत म्हणून पाचवीत हिला मी आख्खा तास उभं केलं हुतं, साहेब. आज मला येईना, तर हिनं खुर्ची दिली."