सासऱ्यांच्या चष्म्यावरचे ठिपके

कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानातली ती चष्मेवाली ताई. डोळे तपासून नंबर काढायचं काम डॉक्टरांचं. तो नंबर माणसाच्या नाकावर नीट बसवायचं काम हिचं. लांबचं आणि जवळचं एकाच भिंगातून दाखवणारा चष्मा असला, की बुबुळासमोर भिंगावर पेनाने ठिपका द्यावा लागतो, आणि त्या वेळी माणसाने घरच्यासारखं बसायला हवं. पण खुर्चीत बसलं की भलेभले फोटो काढायला आल्यासारखे ताठ होतात. म्हणून ताई आधी शेजाऱ्यांचा विषय काढते. माणूस बोलायला लागतो, खांदे सैल पडतात, तेवढ्यात हिचा ठिपका देऊन होतो.

स्वतःच्या सासऱ्यांच्या वेळी मात्र पंचाईत झाली. सासऱ्यांसमोर कुणाच्या चहाड्या करणार? तिने अदबीने ठिपके दिले, तेही अदबीने छाती काढून बसले. चष्मा आला. "फर्स्टक्लास," सासरे म्हणाले.

आणि घरातलं सकाळचं वाचन बंद पडलं. सासूबाईंची नजर अधू, त्यामुळे सासरे त्यांना रोज पेपर वाचून दाखवत आणि दोघं बातमीगणिक भांडत. आता पेपरची घडीही मोडेना. "बातम्यांत काही राम उरला नाही," सासरे म्हणत. सासूबाई गप्प झाल्या, दोन घास खाऊन उठू लागल्या. ताईचा जीव तुटे, पण कारण कळेना.

एकदा तिने दारातून पाहिलं. सासरे औषधाची बाटली वाचत होते, पाणी पिणाऱ्या कोंबडीसारखी मान वर करून. तिने कपाळावर हात मारला. हा माणूस घरात खांद्यांत मान घालून बसतो, आणि तिने ठिपके दिले होते दुकानातल्या ताठ पाहुण्याला. भिंगातला वाचायचा भाग फार खाली गेला होता.

"बाबा, बोलला का नाहीत?"

"गावभर तुझं नाव आहे. घरातूनच तक्रार कशी करायची?"

मग ती पेन घेऊन समोर बसली. "आई म्हणतात, तुम्ही फार घोरता."

"मी? आणि ती रात्रभर काय करते, विचार तिला." बोलता बोलता सासऱ्यांची मान खांद्यांत गेली, आणि ताईने दोन्ही ठिपके देऊन टाकले.

नवी भिंगं बसली त्या सकाळी सासऱ्यांनी पेपर उघडला. पहिल्याच बातमीला सासूबाई म्हणाल्या, "काहीतरीच. नीट वाचा."

"नीटच वाचतोय."

"मग पुन्हा वाचा."

ताई डबा भरता भरता थांबली. दुकान उघडायला उशीर होत होता, तरी भांडण संपेपर्यंत ती तिथून हलली नाही.