इत्तोचा गुडघा आणि एका मेंढ्यावरचे दोन नवस

बास्सूने इत्तोला पहिल्यांदा पाहिलं ते बसच्या मागच्या काचेतून. ती बसमागे पळत होती. दोन्ही काखांत एकेक कोंबडी, पाठीवर लोकरीचं गाठोडं, पायात भावाच्या प्लास्टिकच्या चपला, आणि समोर अझरूपर्यंतचा अख्खा चढ. बास्सू तेव्हा ऐन तिस्लित या आमच्या गावाहून अझरूला जाणाऱ्या गाडीवर कंडक्टर होता. आजही तिथेच आहे. त्याने ड्रायव्हरला थांबायला सांगितलं नाही, कारण बाई आता थांबेल, मग थांबेल, असं त्याला वाटत होतं. पहिल्या वळणावर ती काचेपाशी आली. दुसऱ्या वळणावर तिने दारातल्या बास्सूकडे बघून मान हलवली, बाजारात ओळखीच्या माणसाला हलवावी तशी. तिसऱ्या वळणावर ती पुढे निघून गेली. गाडी अझरूच्या बाजारात पोचली तेव्हा इत्तोच्या कोंबड्या विकून झाल्या होत्या आणि ती एका ओट्यावर बसून चहा पीत होती.

ही हकिकत बास्सू कॅफेत गेली पंचवीस वर्षं सांगतो आहे. सुरुवातीला तिच्यात एकच कोंबडी होती आणि चढही बराच लहान होता. त्या दिवशी गाडीचं टायर पंक्चर झालं होतं आणि अर्धा तास सगळे रस्त्याच्या कडेला उभे होते, असं ड्रायव्हर सांगतो. पण ड्रायव्हरला कल्पनाशक्ती नाही, असं म्हणून कॅफेतले लोक त्याला गप्प करतात. त्या संध्याकाळी बास्सू गुडघ्याला बाशिंग बांधून घरी गेला, यावर मात्र दोघांचंही एकमत आहे.

लग्न झालं आणि बास्सूच्या आईला, लल्ला तूदाला, पळणारी सून मिळाली. इत्तो दिवसभर घरात जेलाबे, म्हणजे टोपी जोडलेले पायघोळ अंगरखे, शिवायची. पायानं चालवायचं जुनं शिलाई मशीन, तोंडात टाचण्या, गळ्यात टेप. पण पहाटे ती देवदारांच्या जंगलात पळायला जायचीच. लल्ला तूदाचं म्हणणं असं होतं की माणूस तीनच कारणांनी पळतो: चोर मागे लागला म्हणून, चोरी केली म्हणून, किंवा दूध उतू जातंय म्हणून. चौथं कारण तिने ऐकलं नव्हतं. इत्तो हसायची आणि बुटाच्या नाड्या बांधायची.

चौथं कारण वर्षातून एकदा साऱ्या गावाला दिसायचं. उन्हाळा सरता सरता सीदी बूतिग्राच्या दर्ग्यावर जत्रा भरते आणि जत्रेच्या सकाळी शर्यत होते. बाजाराच्या चौकातून निघायचं, उतारावरून नदीच्या कोरड्या पात्रात जायचं, पात्र ओलांडायचं आणि मातीच्या रस्त्याने दर्ग्यापर्यंत चढायचं. बायकांमध्ये इत्तो इतकी वर्षं पहिली येत होती की बक्षिसाची तांब्याची तबकं ठेवायला घरात जागा उरली नव्हती. लल्ला तूदा एकात कांदे ठेवायची, एकात कोंबड्यांना दाणा घालायची, आणि शेजारणींना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची, की सुनेने धावून धावून कोंबड्यांची सोय केली.

मग एका वर्षी, जत्रेच्या तोंडावर, गुडघा अडला. जागा होती इत्तोचंच घर आणि साक्षीदार होते शाळेचे हमादी मास्तर. मास्तर नव्या जेलाब्याचं माप द्यायला उभे होते, इत्तो एका गुडघ्यावर बसून खालची पट्टी टाचत होती, आणि उठताना उजवा गुडघा उठलाच नाही. तोंडात टाचण्या असल्यामुळे तिला ओरडता येईना. ती नुसती मास्तरांच्या पायाला धरून डोळे मोठे करून वर बघत राहिली. मास्तर पापभीरू माणूस. ते म्हणाले, "बाई, शिलाई जास्त वाटत असेल तर तसं सांगा, पाया कशाला पडता?"

मेक्नेस शहरातल्या डॉक्टरांनी फोटो काढले. हाडाच्या टोकावर जी गुळगुळीत गादी असते, तिला नखाएवढं भगदाड पडलं होतं, आणि गादीचा एक तुकडा सुटून सांध्यात फिरत होता. हाडाला बारीक भोकं पाडायची, त्यातून रक्त येऊ द्यायचं आणि त्या रक्तातून नवी गादी धरायची वाट बघायची, असा बेत ठरला. नवी गादी म्हणजे नुकतंच उगवलेलं रोप, डॉक्टर म्हणाले. पाय दिला की गेलं. बरेच आठवडे कुबड्या, मग महिनोन्‌महिने धीर. चालाल नक्की. पळण्याचं मात्र आताच बोलत नाही.

परतीच्या गाडीत, अझरू मागे पडल्यावर, इत्तो खिडकीबाहेर बघत म्हणाली, "पुढच्या जत्रेला मी पळणार." बास्सूने तिकिटांचा गठ्ठा उगाच मोजला. बायको एकदा बोलली की ते होतं, हा त्याचा अनुभव होता. पण आजवर तिने स्वतःच्या हाडांना कधी हुकूम दिला नव्हता.

शस्त्रक्रिया झाली आणि गाव भेटीला लोटलं. आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला कोणी रिकाम्या हाताने जात नाही आणि हातात असतो साखरेचा सुळका, निळ्या कागदात गुंडाळलेला, दोन किलोंचा, दगडासारखा. पहिल्या आठवड्यातच इत्तोच्या खाटेभोवती सुळक्यांचा डोंगर उभा राहिला. आलेल्याला चहा द्यायचा, चहात तीच साखर फोडून घालायची, आणि पाहुण्याच्या सोबतीला म्हणून आजाऱ्यानेही प्यायचा. डॉक्टरांनी बजावलं होतं की वजन वाढू देऊ नका, एकेक किलो गुडघ्यावर बसतो. इकडे गाव प्रेमाने किलोवर किलो आणून देत होतं.

साखरेबरोबर सल्ले आले. बास्सूच्या मावशीच्या मते इत्तोला मर्झुगाच्या वाळवंटातल्या तापलेल्या वाळूत मानेपर्यंत पुरायला हवं होतं. न्हावी म्हणाला, एक तापलेली सळई आणि माझी पाच मिनिटं, बस. हमादी मास्तरांना गुडघा अडला त्या क्षणाची जबाबदारी वाटत होती. ते दर शुक्रवारी यायचे, सुळका ठेवायचे आणि उंबऱ्यावरूनच परत फिरायचे.

मांडीत जोर यावा म्हणून आडवं पडून सरळ पाय उचलायचा आणि पुढे घोट्याला वजन बांधून उचलायचा, असा व्यायाम होता. वजनं मेक्नेसला मिळतात. बास्सूने त्या डोंगराकडे पाहिलं, एक सुळका उचलला आणि बायकोच्या घोट्याला तिच्याच टेपने बांधला. तेव्हापासून भेटीला येणाऱ्याला आपली साखर इत्तोच्या पायावर वरखाली होताना दिसायची. काहींना वाईट वाटलं. न्हाव्याच्या बायकोला मात्र आपला सुळका निवडला गेला याचा अभिमान वाटला, आणि ही गोष्ट तिने हमामात, गावच्या न्हाणीघरात, सगळ्यांना सांगितली.

कुबड्या सुटल्यावर डॉक्टरांनी सायकल सांगितली, जोर न लावता नुसतं फिरवायची. इत्तोने शिलाई मशीन पुढे ओढलं. गुडघा हलत राहावा म्हणून ती पाय चालवी, आणि पाय चालतोच आहे तर कापड कशाला रिकामं ठेवायचं म्हणून शिवत राही. त्या हिवाळ्यात ऐन तिस्लितच्या प्रत्येक पुरुषाला नवा जेलाबा मिळाला, ज्यांनी मागितला नव्हता त्यांनाही.

लल्ला तूदा हे सगळं बघत होती. सुनेला कुबड्यांवर बघणं तिला सोसत नव्हतं, पण ते दाखवायची तिची रीत नव्हती. ती एका गुरुवारी दर्ग्यावर गेली आणि नवस बोलून आली: सीदी, माझ्या सुनेचा गुडघा नमाजापुरता वाकू दे, घरात हिंडू फिरू दे आणि तिचं हे पळणं कायमचं सुटू दे, गोठ्यातला मेंढा तुमचा. दुसऱ्या दिवशी सुट्टी होती म्हणून बास्सूही दर्ग्यावर गेला. तो नवस बोलला: सीदी, इत्तोला पुढच्या जत्रेला पळू दे, गोठ्यातला मेंढा तुमचा.

गोठ्यात मेंढा एकच होता.

ही भानगड दर्ग्याच्या राखणदारामुळे उघडी पडली. त्याने बास्सूला रस्त्यात गाठून अदबीने विचारलं, की मेंढा कोणता, आईच्या नवसातला की तुमच्या? घरी तीन दिवस अबोला झाला. माय-लेकांच्या मधे बसलेली इत्तो दोघांना चहा ओतत राहिली. शेवटी राखणदाराकडेच निवाडा गेला. तो म्हणाला, सीदींना ज्याचं ऐकायचं त्याचं ऐकतील, जत्रेला कळेलच. तुम्ही मेंढ्याला नीट खायला घाला. मेंढा तेव्हापासून राजासारखा वाढला, कारण दोन्ही पक्ष त्याला आपला समजून खाऊ घालत होते.

वसंतात डॉक्टरांनी पळायची परवानगी दिली, पण कशी? बोलता बोलता पळता येईल इतकं सावकाश. धाप लागली की थांबायचं. उतारावर तर पळायचंच नाही. इत्तोला सावकाश पळता येत नव्हतं. हळू जा म्हटलं की तिचे पाय गोंधळायचे. तिला रोखून धरणारं कोणीतरी सोबत हवं होतं, आणि ऐन तिस्लितमध्ये बास्सूपेक्षा मंद माणूस नव्हता. अशा रीतीने आयुष्यभर बसच्या पायरीवर उभा राहिलेला, पोट सुटलेला, पन्नाशीतला कंडक्टर बायकोबरोबर पहाटे देवदारांच्या जंगलात पळू लागला. झाडांवरची माकडं आधी पळून जायची. आठवड्याभरात त्यांना कळलं की या माणसापासून कोणालाच धोका नाही, मग ती फांद्यांवर ओळीने बसून बघू लागली.

बोलता बोलता पळायचं, तेव्हा बोलणारी इत्तो आणि धापा टाकणारा बास्सू. लग्नानंतर त्यांचं इतकं बोलणं झालं नव्हतं. एकदा त्याने विचारलं, की तुला तबकांची एवढी हौस का? ती म्हणाली, तबकांचं काय, कोंबड्या खातात त्यात. वर चढताना एका ठिकाणी आपलं वजनच नाहीसं होतं. ते ठिकाण तिला पुन्हा हवं होतं. बास्सूने ते ठिकाण पुष्कळ शोधलं. त्याचं वजन कुठेच नाहीसं झालं नाही.

जत्रेच्या सकाळी दोघांनी छातीवर नंबर लावले तेव्हा चौकात हशा पिकला. कॅफेतले लोक खुर्च्या घेऊन रस्त्यावर आले होते. बास्सूला तिकीट मागणारे, त्याच्यासाठी शववाहिनी मागवणारे, सगळे होते. राब्हा नावाची तरुण मुलगी, जिने मागच्या वर्षी इत्तोच्या गैरहजेरीत तबक नेलं होतं, तिने येऊन इत्तोच्या खांद्याचा मुका घेतला. इत्तो म्हणाली, "जा बाई, माझी वाट बघू नकोस."

उतारावर बास्सू पुढे झाला, दोन्ही हात पसरून, म्हैस अडवावी तसा. इत्तो त्याच्या मागे चालत उतरली. पोरीबाळी, म्हातारे, लाकूडतोडे, सगळे भराभर पुढे गेले. शेवटी हमादी मास्तरही, नव्या जेलाब्यात, ओशाळल्या चेहऱ्याने, क्षमा मागत पुढे गेले. नदीच्या गोट्यांवर बास्सूने तिचा हात धरला आणि एकेक पाऊल बघून टाकायला लावलं. पात्र संपलं. समोर मातीचा चढ सुरू झाला. वर, दूर, दर्ग्याचा हिरवा घुमट आणि त्याच्यापर्यंत ठिपक्यांसारखी माणसं.

इत्तोने गुडघ्यावर हात ठेवला. दाबून पाहिलं. मग विचारलं, "आता मी जाऊ?"

अकरा महिने हा प्रश्न कधी ना कधी येणार म्हणून बास्सूने उत्तरं तयार ठेवली होती. डॉक्टर काय म्हणाले, रोप, पाय दिला की गेलं, सगळं. त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं.

"जा," तो म्हणाला.

पुढचं त्याने पाहिलं ते मागून. ती आधी जपून गेली, एखाद्या उंबऱ्यातून आत डोकावावं तशी. मग खांदे सैल झाले. मग पायांनी तिचं ऐकणं सोडलं. पहिल्या वळणावर तिने मास्तरांना गाठलं, दुसऱ्यावर लाकूडतोड्यांना, आणि नंतर झाडीमागे फक्त धूळ दिसत राहिली. बास्सू चढाच्या मधोमध उभा राहून हसत होता आणि रडत होता, आणि या दोन्हींसाठी लागतो तेवढा श्वास त्याच्याकडे नव्हता.

वर काय झालं ते त्याला गावाने सांगितलं. लल्ला तूदा दर्ग्याच्या पायऱ्यांवर बसून होती, मेंढ्याची दोरी हातात. शेजारी राब्हाची आई. राब्हा केव्हाच पोचून पाणी पीत होती. तिची आई गोड आवाजात म्हणाली, "तुमची लंगडी सून कुठे आडवाटेला बसली असेल हो, माणूस पाठवू का?"

तेवढ्यात वळणावरून इत्तो आली.

लल्ला तूदा उभी राहिली. दोरी सुटली, मेंढा जत्रेत घुसला, तिकडे तिने ढुंकून पाहिलं नाही. ती पायऱ्या उतरली, ओढणी कमरेला खोचली, जीभ हलवत असा आनंदाचा गजर केला की खालच्या चढावर बास्सूलाही तो आईचाच आहे हे कळलं, आणि सत्तरीची ती बाई सुनेच्या बरोबरीने वाटेचा शेवटचा तुकडा स्वतः पळाली. पोचल्यावर दोघी एकमेकींना धरून उभ्या होत्या आणि कोणी कोणाला आधार दिला होता ते सांगता येत नव्हतं. धाप ओसरल्यावर लल्ला तूदाने राखणदाराला बोलावलं.

"मेंढा धरून आणा," ती म्हणाली, "आणि मुलाच्या नवसात मांडा. माझं सीदींनी ऐकलं नाही, बरं झालं."

बास्सू पोचला तेव्हा मांस शिजत आलं होतं. हमादी मास्तरांनी त्याची जागा राखून ठेवली होती. इत्तो भिंतीला टेकून पाय पसरून बसली होती, चेहरा धुळीने माखलेला. तिला काय झालं होतं ते सांगायची गरज नव्हती. ते ठिकाण तिला सापडलं होतं. त्या दुपारी दर्ग्यावर जितक्या बायकांनी तिचा गुडघा हात लावून पाहिला, तितक्यांनी सीदींच्या चादरीलाही हात लावला नसेल.

बायकांमध्ये ती सातवी आली. तबक राब्हालाच मिळालं. पुढच्या वर्षी दर्ग्याचा रस्ता डांबरी झाला, आणि डांबरावर पळायला डॉक्टरांनी इत्तोला मनाई केली. त्याच एका मेंढ्यावर सीदींनी लल्ला तूदाचाही नवस ऐकला, फक्त वर्षभर उशिरा.