शंभर दूरोंचा आहेर

मस्कारा गावात लग्नाचा आहेर पुकारावा तो कादा बेनशोहरानंच. एरवी हा माणूस खोगिरं शिवायचा, बोलायचाही हळू. पण लग्नाच्या अंगणात त्यानं हात वर केला की बासरी आणि डफ जागच्या जागी थबकत. मग देणाऱ्याचं नाव, रक्कम, कुणाच्या मानासाठी, हे तो अशा काही आवाजात सांगायचा की तिकीट लावून नाटकं करणारे आम्ही नटसुद्धा श्वास रोखून ऐकायचो.

खैराच्या लग्नाला मी होतो. पाच दिनारांचं नाणं तेव्हा नुकतंच निघालं होतं. नवऱ्याकडची मंडळी शंभर दिनारांच्या नोटा नाचवत होती. मुलीच्या बाजूनं उभा एकटा बुझियान, तिचा थोरला भाऊ. आईबाप गेल्यावर वीटभट्टीवर राबून त्यानंच तिला वाढवलेलं. त्याच्या मुठीत ते एकच नाणं. आज त्याचं हसं झालं तर खैराला सासरी जन्मभर टोमणे ऐकावे लागणार, हे सगळ्यांना कळत होतं.

कादानं नाणं घेतलं, हात वर केला.

"बुझियानकडून, बहिणीच्या मानासाठी, शंभर दूरो!"

यात खोटं काहीच नव्हतं. वीस दूरोंचा एक दिनार, हा आमच्या बाजाराचा रोजचा हिशेब. पण नवऱ्याचा चुलता हाजी लखदर, मेंढ्यांचा मोठा व्यापारी, हसत म्हणाला, "कादा, भाव चढवायला हा काय मेंढा आहे? पाच दिनार म्हण की सरळ."

बुझियाननं मान खाली घातली.

"हाजी, तुम्ही मेंढा कशात विकता?" कादानं विचारलं.

मागं कुणीतरी खुदकन हसलं.

"दूरोतच ना? तुमचे आजोबाही त्यातच विकायचे. तुर्काचं नाणं गेलं. स्पॅनिश गेला, जाताना दूरो ठेवून गेला. अमीरानं पाडलेलं नाणं गेलं, फ्रेंचांच्या नाण्यावरचा कोंबडाही उडाला. दिनार आपला, त्याला डोक्यावर घेऊ, पण तो कालचं लेकरू. या पोरीचं दूध, पीठ, वहाणा, सगळं भावानं दूरोत मोजून आणलंय. मग आहेर दुसऱ्या कशात मोजू?"

एवढी राज्यं एका दमात अंगणातून चालत गेलेली मी कुठल्याच रंगमंचावर पाहिली नाहीत. अजून अंगावर काटा येतो.

नवऱ्याची आई उठली. कादाच्या हातून नाणं घेऊन तिनं स्वतः सुनेच्या मेंदी लावलेल्या तळव्यावर ठेवलं आणि तिची बोटं मिटवली. मग बायकांनी जीभ घोळवत आनंदाचा असा काही उलुध्वनी केला की बुझियानला मान वर करावीच लागली.

हाजी ओशाळून म्हणाला, "बरं बाबा, माझीही नोट दूरोतच पुकार."

"छे, त्याचेही शंभर, तुमचेही शंभर; नोटेला दिनारच शोभतो," म्हणत कादानं बासरीवाल्याला खूण केली.