अकरा बंद घरं

शलाकाला सरकारी नोकरीची मनापासून हौस होती. जे. पी. नगरातल्या त्यांच्या घरी बाबा, काका, मोठा भाऊ अजिंक्य, सगळे कॉम्प्युटरवाले. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असलेली ही एकटीच वेगळी. "आत शिरून तर बघते, जमलं तर परीक्षा देईन," असं घरी सांगून तिने एका सरकारी खात्यात सहा आठवड्यांची इंटर्नशिप मिळवली. काम सोपं होतं. यशवंतपूरच्या मागच्या गल्ल्यांत फिरून अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांची यादी पक्की करायची. ज्याचं नाव पक्कं, त्याच्या घरी दर आठवड्याला नर्स येणार. दार बंद असेल तर वेगवेगळ्या दिवशी तीनदा जायचं, तारखा लिहायच्या आणि मगच 'घर बंद' असा शेरा मारायचा.

शंभर घरं तिने इमानेइतबारे केली. मग उन्हाने डोकं उठलं, चपलेचा अंगठा तुटला आणि राहिलेली अकरा घरं नेमकी वरच्या मजल्यांवरची निघाली. बाईसाहेब कोपऱ्यावरच्या हॉटेलात कॉफी घेऊन बसल्या आणि अकराही फॉर्मांवर तीन-तीन तारखा आणि 'घर बंद' टाकून मोकळ्या झाल्या. कॉफी गार व्हायच्या आत काम संपलं.

तिचे साहेब गुरुप्रसाद साधे होते, आणि तेच नडलं. त्यांनी तिचे फॉर्म इतर मुलांना दाखवले. "तीन-तीन वेळा गेली आहे ही! असं काम हवं," म्हणाले आणि सर्टिफिकेटवर सही केली. शलाकाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी बाबांनी ते सर्टिफिकेट फ्रेम करायला काढलं, तेव्हा तर ती ताटावरून उठली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती यशवंतपूरला गेली. फोनमध्ये फॉर्मांचे फोटो होते. खंडोजीराव, वय अठ्ठ्याहत्तर, तिसरा मजला. सगळ्या कन्नड नावांत हे एक मराठी दिसलं, म्हणून आधी तिथे.

दार सताड उघडं होतं.

"या अक्का, या की," आतून आवाज आला. कॉटवर एक म्हातारा पडून होता, उजवी बाजू लुळी. "सून फॅक्टरीला जाते. मला उठून दार काढायला येत नाही, म्हणून दिवसभर उघडंच असतं."

आपण लिहिलेला शेरा आठवून शलाकाला तिथे उभं राहवेना. ऑफिसातून आले, एवढंच ती कशीबशी म्हणाली.

खंडोजीरावांचा चेहरा खुलला. "वाटच बघत होतो! गल्लीत सरकारची बाई फिरते म्हणून कळलं. सुनेच्या मागे लागून तीन दिवस रोज दाढी करून घेतली. कोणी आलं नाही." मग ते ओशाळले. "की येऊन गेला तुम्ही? मला स्वल्प डोळा लागला असेल. माझंच चुकलं मग."

"हो," शलाका म्हणाली. शब्द तोंडातून गेला आणि तिला स्वतःची शिसारी आली.

यादी संध्याकाळी पुढे जाणार होती. तिने गुरुप्रसादांना फोन लावला आणि बोलायला जिन्याकडे निघाली. साहेबांशी बोलायचं ते कन्नडमध्ये, आणि खंडोजीरावांना ते तिच्यापेक्षा चांगलं समजणार. उंबऱ्याशी ती थांबली. मागे फिरली, कॉटजवळच्या स्टुलावर बसली आणि त्यांच्या देखत स्वच्छ सांगितलं, "सर, अकरा घरी मी गेलेच नव्हते. तारखा खोट्या आहेत. खंडोजीरावांचं दार उघडं होतं."

मग गुरुप्रसाद म्हणाले, "सर्टिफिकेट परत आणून द्या. हे नाव मी यादीत घालतो. बाकीची दहा घरं पाचच्या आत बघून कळवा."

फोन ठेवल्यावर मान वर करायची तिची छाती होईना. "आजोबा, मी खोटं बोलले. तुम्ही झोपला नव्हता."

खंडोजीराव डाव्या हाताने गालावरचे खुंट चाचपत राहिले. रागावले असते तर बरं झालं असतं. ती उठली, चपला घातल्या आणि सवयीने दार ओढून घेऊ लागली.

"लावू नका अक्का," ते आतून म्हणाले. "नर्स येईल ना आता."